पोपचे राज्य : ७५६ ते १८७०, आणि त्यासाठी मोजलेली किंमत

मुळाकाठ

इटलीचा १८५९ च्या आरंभीचा नकाशा पाहिला, तर रोमपासून उत्तरेस बोलोन्या आणि फेराराच्या पुढे पो नदीपर्यंत, तसेच पश्चिमेच्या तिऱ्हेनियन समुद्रापासून पूर्वेच्या एड्रियाटिक समुद्रापर्यंत पसरलेला एक सलग पट्टा दिसतो. सुमारे तीस लाख वस्तीच्या या प्रदेशाचा राजा रोमचा पोप होता. तेथील कर त्याच्या नावाने वसूल होत, नाणी त्याच्या नावाने पाडली जात, आणि सैन्य, तुरुंग, जकातनाके, न्यायालये व देहान्ताची शिक्षा अमलात आणणारा जल्लाद हे सारे त्याच्याच शासनाचे भाग होते. आपल्याकडे पोपविषयी लिहिले जाते ते बहुधा धर्मगुरू म्हणून. अकरा शतके चाललेल्या या प्रत्यक्ष राज्याविषयी मराठीत फार कमी लिहिले गेले आहे, म्हणून हा धागा.

या राज्याच्या समर्थनार्थ दिले जाणारे कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ एकच राहिले. पोप सर्व राष्ट्रांतील श्रद्धावंतांचा गुरू असल्यामुळे तो कोणत्याही एका राजाचा प्रजाजन असता कामा नये, आणि प्रजाजन व्हायचे नसेल तर त्याला स्वतःची भूमी हवी, असा हा युक्तिवाद आहे. तो मी गांभीर्याने घेतो. परंतु या राज्याचा इतिहास जितका वाचावा तितके असे दिसते की ही भूमी राखण्याएवढे बळ पोपच्या हाती क्वचितच होते. स्वातंत्र्यासाठी मिळवलेल्या भूमीच्या रक्षणासाठीच त्याला दर वेळी कोणातरी राजाचा आश्रय घ्यावा लागला, आणि त्या आश्रयदात्याच्या राजकारणात धर्मपीठ ओढले गेले.

आरंभापासूनच पाहू. सहाव्या शतकाच्या अखेरीस ग्रेगरी पहिला पोप झाला, तेव्हा चर्चच्या मालकीच्या मोठ्या जमिनी सिसिलीत आणि दक्षिण इटलीत होत्या. त्यांच्या धान्यावर रोममधील गरीब जगत. ही मालकी जमीनदाराची होती. इटलीवरची सत्ता कायद्याने कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाची होती आणि त्याचा सुभेदार रावेन्ना येथे बसत असे. उत्तर इटलीतील लोंबार्ड लोकांचा राजा ऐस्टुल्फ याने ७५१ मध्ये रावेन्ना घेतले आणि त्याचा रोख रोमकडे वळला. सम्राटाकडून मदत येत नाही हे पाहून पोप स्टीफन दुसरा आल्प्स ओलांडून फ्रँकांच्या राज्यात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, गेला. तेथे त्याने ७५४ मध्ये सेंट डेनिसच्या मठात फ्रँकांचा राजा पेपिन याचा राज्याभिषेक केला. पेपिनने आधीचे राजघराणे नुकतेच दूर सारले होते आणि त्याला धर्माची मान्यता हवी होती. पोपला तलवार हवी होती. पेपिनने दोन स्वाऱ्या करून ७५६ मध्ये लोंबार्डांकडून शहरे सोडवली, आणि मठाधिपती फुलराद याने त्या शहरांच्या किल्ल्या रोमला आणून संत पीटरच्या समाधीवर ठेवल्या. पोपच्या राज्याचा जन्म असा एका परस्पर गरजेतून झाला.

पुढच्या शतकांत आश्रयदाते बदलत गेले. फ्रँकांचे साम्राज्य दुबळे झाल्यावर रोमच्या सरदार घराण्यांनी पोपपद आपापसांत फिरवले. त्यातून सोडवायला ९६२ मध्ये जर्मनीचा ओटो आला आणि त्याने सम्राटपदाबरोबर पोपच्या निवडीवरचा अंकुशही घेतला. त्या अंकुशाविरुद्ध अकराव्या शतकात सुधारकांची पिढी उभी राहिली. तिचा सर्वांत प्रखर नेता ग्रेगरी सातवा. त्याने जर्मनीचा राजा हेन्री चौथा याला बहिष्कृत केले आणि जानेवारी १०७७ मध्ये कानोसाच्या गढीसमोर त्याला क्षमा मागायला लावले, ही कथा सर्वपरिचित आहे. तिचा शेवट कमी सांगितला जातो. हेन्रीने नंतर रोम घेतले, तेव्हा ग्रेगरीला सोडवायला दक्षिणेचा नॉर्मन सरदार रोबेर ग्विस्कार १०८४ मध्ये आला, आणि त्याच्या सैन्याने रोम इतके लुटले व जाळले की संतापलेल्या नागरिकांत पोपला राहणे अशक्य झाले. ग्रेगरीला नॉर्मनांबरोबरच जावे लागले आणि पुढच्याच वर्षी सालेर्नो येथे त्याचा मृत्यू झाला.

हाच क्रम तेराव्या शतकात पुन्हा दिसतो. सिसिलीचे राज्य आणि जर्मन साम्राज्य फ्रेडरिक दुसरा याच्या हाती एकवटल्यामुळे पोपचे राज्य उत्तर व दक्षिण अशा दोन्ही बाजूंनी वेढले गेले. तो वेढा मोडण्यासाठी पोपांनी फ्रान्सच्या राजघराण्यातील शार्ल द आंजू याला आणले, १२६६ मध्ये बेनेवेंतोच्या लढाईत तो जिंकला, आणि मग पोपच्या निवडणुकीवर फ्रेंच वजन पडू लागले. बोनिफेस आठवा याने १३०२ मध्ये प्रत्येक मनुष्याने रोमच्या पोपच्या अधीन असणे मोक्षासाठी आवश्यक आहे, असे जाहीर केले. फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी पुढच्याच वर्षी त्याला त्याच्या जन्मगावी, आनान्यी येथे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या राज्यात, कैद केले. अधिकाराचा दावा आणि प्रत्यक्ष बळ यांच्यातील अंतर याहून स्पष्ट दिसणे कठीण आहे. त्यानंतर १३०९ ते १३७७ पोप आजच्या दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यों येथे राहिले. क्लेमेंट सहावा याने १३४८ मध्ये नेपल्सची राणी जोआना हिच्याकडून ते शहर ८०,००० फ्लोरिनला विकतही घेतले.

पंधराव्या आणि सोळाव्या शतकांतील पोप इटलीतील इतर राजांसारखे राजे झाले. ज्यूलियस दुसरा याने १५०६ मध्ये पेरूजा आणि बोलोन्यावर स्वतः सैन्यासह चाल केली, आणि जानेवारी १५११ मध्ये भर हिवाळ्यात मिरांदोलाच्या वेढ्यात तो जातीने हजर होता. राज्याची घडी त्याने बसवली हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या घडीची किंमत क्लेमेंट सातव्याच्या काळात कळली. स्पेन आणि फ्रान्स यांच्यात तोल सांभाळता सांभाळता तो चुकीच्या बाजूला सापडला, आणि ६ मे १५२७ रोजी स्पेनचाही राजा असलेला सम्राट चार्ल्स पाचवा याच्या बंडखोर सैन्याने रोम लुटले. पोपच्या १८९ स्विस रक्षकांपैकी १४७ त्या दिवशी मारले गेले आणि पोप सांत आंजेलोच्या किल्ल्यात अडकून पडला. लूथरच्या प्रोटेस्टंट चळवळीने जर्मनी दुभंगत असताना धर्मपीठाचे लक्ष मिलान कोणाकडे जाईल या प्रश्नात गुंतलेले होते, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत दुःखद वाटते.

जाणकारांनी मते मांडावीत.

अश्वत्थ

मांडणी विचार करायला लावणारी आहे, पण तिच्यात तुलनेची एक बाजू गाळली गेली आहे असे मला वाटते. भूमी असताना पोपचे काय झाले हे आपण सांगितले. भूमी नसताना काय होत असे, तेही पाहिले पाहिजे. सातव्या शतकात पोपकडे राज्य नव्हते. सम्राट कॉन्स्टन्स दुसरा याला पोप मार्टिन पहिला याचे धर्ममत पटले नाही, तेव्हा त्याच्या सुभेदाराने ६५३ मध्ये पोपला रोममध्येच अटक केली, कॉन्स्टँटिनोपलला नेऊन त्याच्यावर खटला चालवला, आणि क्रिमियातील खेर्सोन येथे हद्दपारीत ६५५ मध्ये त्याचा अंत झाला. खुद्द कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष तर सम्राटाच्या राजवाड्यालगत राहत, आणि सम्राटाची मर्जी फिरली की त्यांना पदावरून काढले जाई.

पश्चिमेत राजसत्ता आणि धर्मसत्ता या दोन वेगळ्या सत्ता आहेत, त्यांच्यात वाद होऊ शकतो, आणि राजालाही जाब विचारणारे कोणी असते, ही कल्पना रुजली ती ग्रेगरी सातवा आणि इनोसंट तिसरा यांच्यासारख्या पोपांमुळे. पायाखाली स्वतःची भूमी नसती तर त्यांना तेवढे धैर्य झाले असते का? आश्रयदाते बदलत गेले हे आपण दोष म्हणून सांगता, पण आश्रयदाता बदलता येणे हेच स्वातंत्र्य नव्हे काय? पूर्वेच्या धर्माध्यक्षांना तो पर्याय कधीच नव्हता.

मुळाकाठ

अश्वत्थ, मार्टिनचे उदाहरण योग्य ठिकाणी आणलेत. आश्रयदाता बदलता येण्याने पोपला हालचालीची जागा मिळाली, हेही मी मान्य करतो. पण भूमीने अटक टळली असे म्हणता येत नाही. बोनिफेसचे वर सांगितलेच आहे. फ्रेंच सैन्याने १७९८ मध्ये रोम घेतल्यावर पायस सहावा याला कैद करून नेले आणि ऑगस्ट १७९९ मध्ये फ्रान्समधील व्हालाँस येथे तो कैदेतच वारला. नेपोलियनने १८०९ मध्ये पायस सातवा याला उचलून आधी साव्होना आणि मग फाँतेनब्लो येथे ठेवले. हे तिघेही राज्याचे धनी होते.

इनोसंट तिसरा याच्या बाबतीत मला उलटेच दिसते. इंग्लंडचा राजा जॉन याने १२१३ मध्ये आपले राज्य पोपच्या चरणी अर्पण करून वर्षाला एक हजार मार्क खंडणी कबूल केली, ती बहिष्काराच्या आणि स्वर्गनरकाच्या अधिकारापुढे नमून. पोपच्या इटलीतील मुलखाचा त्या शरणागतीत काहीच वाटा नव्हता. मात्र इंग्लंडचा अधिराज झाल्यामुळे पोपने १२१५ मध्ये आपल्या मांडलिकाची बाजू घेतली आणि राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी मॅग्ना कार्टा ही सनद रद्द ठरवली. राजाला जाब विचारणारी सत्ता तेथे राजाच्याच पाठीशी उभी राहिली.

शोधयात्री

चर्चेत कॉन्स्टंटाईनच्या दानपत्राचा उल्लेख यायला हवा. पेपिनने शहरे दिली खरी, पण ती मुळात सम्राटाची होती. मग पेपिन ती कोणत्या हक्काने देणार, असा प्रश्न उभा राहतोच. आठव्या शतकात केव्हातरी एक दस्तऐवज तयार झाला, ज्यानुसार सम्राट कॉन्स्टंटाईन याने चौथ्या शतकातच रोम आणि सारा पश्चिम प्रदेश पोप सिल्व्हेस्टर याला देऊन टाकला होता. मध्ययुगात त्याच्या खरेपणावर फारसा संशय घेतला गेला नाही. इटालियन महाकवी दान्तेसुद्धा त्या दानाबद्दल हळहळतो, पण ते घडलेच नाही असे म्हणत नाही.

इटालियन पंडित लोरेन्झो व्हाल्ला याने १४४० मध्ये ते बनावट असल्याचे सिद्ध केले. त्याची लॅटिन चौथ्या शतकाची नाही आणि जे कॉन्स्टँटिनोपल अजून वसलेलेच नव्हते त्याचा उल्लेख धर्मपीठ म्हणून आला आहे, असे त्याने दाखवून दिले. त्या वेळी व्हाल्ला नेपल्सच्या गादीसाठी पोपशी भांडणाऱ्या आल्फोन्सो राजाच्या पदरी होता. म्हणजे ही चिकित्साही राजकारणाच्या सावलीतच जन्मली. पण पुरावे तपासण्याची पद्धत इतकी पक्की होती की आश्रयदात्याचा हेतू काहीही असला तरी निष्कर्ष टिकला. पुढे पोप निकोलस पाचवा याने त्याच व्हाल्लाला आपल्या सेवेत घेतले, हे त्या पोपच्या विद्याप्रेमाचे लक्षण मानले पाहिजे.

जमाखर्ची

राज्य म्हटले की हिशेब आला, आणि त्या बाजूने पाहिले तर मुळाकाठ यांच्या म्हणण्यास बराच आधार मिळतो. सोळाव्या शतकात निम्मे युरोप प्रोटेस्टंट झाल्यावर परदेशांतून रोमला येणारा पैसा आटला. मग भार पडला तो पोपच्या स्वतःच्या प्रजेवर. क्लेमेंट सातवा याने १५२६ मध्ये सार्वजनिक कर्जरोख्यांची पद्धत सुरू केली. त्यांना 'मोंती' म्हणत. एखाद्या कराचे उत्पन्न गहाण टाकून व्याज द्यायचे, असा तो व्यवहार होता. पुढच्या पोपांनी युद्धासाठी, इमारतींसाठी आणि दुष्काळात धान्य घेण्यासाठी रोख्यांमागून रोखे काढले, आणि कराचा मोठा हिस्सा व्याजातच जाऊ लागला.

तोल्फाच्या तुरटीची गोष्टही येथे सांगण्यासारखी आहे. कापडावर रंग पक्का बसण्यासाठी तुरटी लागे आणि ती मुख्यतः आशिया मायनरमधून येई, जेथील खाणी पंधराव्या शतकाच्या मध्यास तुर्कांच्या हाती गेल्या. रोमच्या वायव्येस तोल्फाच्या डोंगरांत सुमारे १४६२ मध्ये तुरटी सापडली, तेव्हा पायस दुसरा याने त्या उत्पन्नातून तुर्कांविरुद्ध धर्मयुद्ध उभारायचे ठरवले. ख्रिस्ती व्यापाऱ्यांनी तुर्कांची तुरटी घेऊ नये, घेतल्यास बहिष्कार, अशा आज्ञा निघाल्या आणि विक्रीचा ठेका काही काळ फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पेढीकडे होता. मालाच्या मक्तेदारीसाठी धर्माचे सर्वांत गंभीर शस्त्र वापरले गेले, याचा परिणाम त्या शस्त्राच्या धारेवर झाल्याशिवाय कसा राहील?

दुसरी बाजू मात्र सांगतो. रोम शहराच्या पोटापाण्याची काळजी पोपच्या शासनाने फार मनापासून घेतली. 'आन्नोना' नावाचे खाते धान्य साठवून ठेवी. एक बायोक्को या नाण्याला मिळणाऱ्या पावाची किंमत तशीच राहत असे. धान्य महागले की पावाचे वजन कमी होई. गरिबाला भाव कळावा आणि दंगा होऊ नये, हा हेतू. पण धान्य ठरवलेल्या स्वस्त भावात देण्याची सक्ती झाल्याने रोमभोवतीच्या शेतकऱ्याला शेती परवडेना, जमिनी चराऊ कुरणे झाल्या, आणि हिवतापाने ग्रासलेला तो ओसाड मुलूख अठराव्या शतकातील प्रवाशांनी वारंवार वर्णिला आहे.

निशिगंध

आतापर्यंतची चर्चा पोप आणि राजे यांच्याभोवती फिरली. त्या राज्यात राहणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

नेपोलियननंतर १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत पोपचा मंत्री कार्डिनल कोन्साल्व्ही याने आव्हिन्यों वगळता जवळजवळ सारे राज्य परत मिळवले. परंतु उत्तरेकडील बोलोन्या, फेरारा, रावेन्ना या भागांतील सुशिक्षितांनी वीस वर्षे फ्रेंच कायदे आणि सामान्य नागरिकांचा कारभार अनुभवला होता. आता पुन्हा वरची सर्व पदे धर्माधिकाऱ्यांकडे गेली. उत्तरेत १८३१ मध्ये उठाव झाला आणि तो ऑस्ट्रियाच्या सैन्याने मोडला. त्यानंतर ऑस्ट्रियासह पाच मोठ्या सत्तांनीच पोपला लेखी सल्ला दिला की कारभारात धर्माधिकारी नसलेल्या लोकांना घ्यावे. ग्रेगरी सोळावा याने त्यातले फारच थोडे केले. रेल्वेलाही त्याने परवानगी दिली नाही. रोमहून फ्रास्कातीपर्यंतचा पहिला लोहमार्ग सुरू झाला तो पुढच्या पोपच्या काळात, १८५६ मध्ये.

तो पुढचा पोप म्हणजे पायस नववा. त्याने १८४६ मध्ये राजकीय कैद्यांना माफी दिली, तेव्हा सबंध इटलीत आनंदाची लाट उसळली. मार्च १८४८ मध्ये त्याने राज्यघटनाही दिली. मग ऑस्ट्रियाविरुद्ध इटलीचे युद्ध पेटले आणि सर्वांनी त्याच्याकडे पाहिले. २९ एप्रिल १८४८ रोजी त्याने जाहीर केले की सर्व राष्ट्रांवर पित्यासारखे सारखेच प्रेम करणारा पोप कॅथलिक ऑस्ट्रियावर युद्ध पुकारू शकत नाही. धर्मगुरू म्हणून हे उत्तर निर्विवाद बरोबर होते. इटालियन राजा म्हणून मात्र ते त्याच्या प्रजेच्या आकांक्षेच्या विरुद्ध होते. दोन भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला आल्यावर त्यातली एक मोडणार हे उघड होते. नोव्हेंबरात त्याचा मंत्री पेल्लेग्रीनो रोस्सी याचा खून झाला, आणि नऊ दिवसांनी साध्या पाद्र्याच्या वेशात पोप नेपल्सच्या राज्यातील गाएताला निसटला.

फेब्रुवारी १८४९ मध्ये स्थापन झालेल्या रोमन प्रजासत्ताकाने पहिल्याच घोषणेत म्हटले होते की पोपची राजसत्ता संपली, परंतु त्याच्या आध्यात्मिक अधिकाराच्या स्वातंत्र्यासाठी लागणाऱ्या सर्व हमी त्याला मिळतील. पुढे ८० वर्षांनी तोडगा निघाला, त्याचे बीज येथे आहे. ते प्रजासत्ताक फ्रेंच तोफांनी जुलैत पाडले. त्यानंतर पोपचे राज्य उत्तरेत ऑस्ट्रियाच्या आणि रोममध्ये फ्रान्सच्या फौजेवर उभे होते.

आणि मोर्तारा प्रकरण विसरता येत नाही. बोलोन्यात जून १८५८ मध्ये पोपच्या शिपायांनी एदगार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला आईवडिलांच्या घरातून नेले, कारण घरातील ख्रिस्ती मोलकरणीने तो आजारी असताना गुपचूप त्याचा बाप्तिस्मा केला होता, असे सांगण्यात आले. बाप्तिस्मा झालेले मूल ज्यू घरात वाढू नये, असा राज्याचा कायदा होता. नेपोलियन तिसऱ्यानेही विनवले, पण पोपने मूल परत दिले नाही. धर्माचा नियम पोलिसांच्या हातून अमलात येतो तेव्हा काय होते, हे त्या आईवडिलांनी भोगले. राज्य नसते तर तो नियम ग्रंथातच राहिला असता.

वसईचा वाचक

पोपच्या राजकीय अधिकाराचा एक धागा थेट आमच्या किनाऱ्यापर्यंत येतो, म्हणून लिहितो. पंधराव्या शतकात पोपांनी पोर्तुगालच्या राजाला नव्या मुलखांविषयी व्यापक अधिकार दिले. त्यांत निकोलस पाचवा याचे १४५५ चे आज्ञापत्र प्रमुख आहे. त्यातून 'पाद्रुआदो' ही व्यवस्था वाढली. चर्च बांधण्याचा व पाद्र्यांच्या निर्वाहाचा खर्च राजाने करायचा आणि बदल्यात बिशप कोण व्हावा हे राजाने सुचवायचे. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ मध्ये या व्यवस्थेखाली स्थापन झाला. वसईही त्याच वर्षी पोर्तुगिजांकडे आली.

सतराव्या शतकापर्यंत पोपच्या लक्षात आले की आशियातील चर्च आपल्या हातात उरलेलेच नाही. रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी 'प्रोपगांदा फिदे' हे स्वतःचे खाते काढले. दिवाडी बेटावरचे माते द काश्त्रु यांना गोव्यात पाद्रीपद नाकारले गेले होते. ते रोमला गेले, तेथे त्यांना दीक्षा मिळाली, आणि १६३७ मध्ये त्यांना बिशप करून आदिलशाही मुलखासाठी नेमण्यात आले. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना सुखाने काम करू दिले नाही. पोपने दिलेला अधिकार पोपलाच परत घेता येईना, असे हे चित्र आहे.

मुंबईत हा वाद दीडशे वर्षांहून अधिक चालला. इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन संघाच्या पाद्र्यांना घालवून रोमने नेमलेल्या कार्मेलाइट संघाच्या धर्माधिकाऱ्यांना आणले. पुढे १७९४ मध्ये चर्चे दोन्ही पक्षांत वाटली गेली. एकाच बेटावर दोन कॅथलिक अधिकारक्षेत्रे! माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून १८५३ मध्ये इतके विकोपाला गेले की रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आत आणि विरोधी पक्षाचा वेढा बाहेर, असे पंधरा दिवस चालले, आणि शेवटी सरकारला हस्तक्षेप करावा लागला. वसईसाष्टीची बहुतेक चर्चे १८८६ च्या करारानंतर दमणच्या बिशपकडे, म्हणजे पाद्रुआदोखाली राहिली. दुहेरी अधिकार संपला तो १९२८ च्या कराराने, आणि तेव्हाही मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा अशी अट होती. पोर्तुगालने १९५० मध्ये हा हक्क सोडल्यावर व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

या इतिहासाकडे पाहताना मला वाटते की मुळाकाठ यांचा मुद्दा इटलीपुरता नाही. जेथे जेथे पोपने राजाची तलवार वा तिजोरी वापरली, तेथे तेथे राजाने चर्चचा काही भाग आपल्याकडे ठेवून घेतला, आणि आमच्या पूर्वजांना स्वतःचा बिशप मिळायला चार शतके लागली.

मुळाकाठ

निशिगंध आणि वसईचा वाचक यांनी धाग्याला मोठी भर घातली. शेवटचा टप्पा थोडक्यात सांगतो. इटलीच्या एकीकरणात पोपचा उत्तरेचा मुलूख १८५९ मध्ये गेला, आणि १८ सप्टेंबर १८६० रोजी कास्तेलफिदार्दो येथे पोपच्या स्वयंसेवक फौजेचा पराभव होऊन उंब्रिया आणि मार्के गेले. रोम व आसपासचा प्रदेश उरला, तो फ्रेंच तुकडीमुळे. प्रशियाशी युद्ध सुरू होताच ऑगस्ट १८७० मध्ये फ्रान्सने ती तुकडी परत बोलावली, आणि २० सप्टेंबरला इटलीच्या जनरल काडोर्नाच्या तोफांनी रोमच्या पोर्ता पियाजवळ तट फोडला. बळाचा वापर झाला हे जगाला दिसेल एवढाच प्रतिकार करा, अशी पायसची आज्ञा होती. सकाळी दहाच्या सुमारास पांढरे निशाण लागले. दोनच महिन्यांपूर्वी, १८ जुलैला, याच पोपच्या अध्यक्षतेखालील परिषदेने श्रद्धेच्या आणि नीतीच्या बाबतीत पोपच्या अप्रमादित्वाचा, म्हणजे त्याची अधिकृत शिकवण चुकू शकत नाही असा, सिद्धान्त जाहीर केला होता. सत्तेचे केंद्र भूमीवरून शिकवणुकीकडे सरकले, ते याच उन्हाळ्यात.

इटलीने १८७१ च्या कायद्याने राजाचा मान आणि वर्षाला ३२,२५,००० लिरा देऊ केले. पायसने ते नाकारले, कारण आज दिलेले संसद उद्या काढून घेऊ शकते. तरीही भूमीविना पोपचे वजन घटले नाही. जर्मनीच्या बिस्मार्कने १८८५ मध्ये कॅरोलाइन बेटांवरून स्पेनशी झालेल्या तंट्यात मध्यस्थीसाठी लिओ तेरावा याच्याकडेच जाणे पसंत केले, आणि १८९१ मध्ये त्याच पोपने कामगारांच्या हक्कांवर काढलेले परिपत्रक साऱ्या युरोपात वाचले गेले.

अश्वत्थ

लिओचे उदाहरण मला मान्य आहे, पण पुढचे पानही वाचावे. इटलीने १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरताना लंडनच्या गुप्त करारात एक कलम घालून घेतले की शांतता परिषदेत पोपच्या प्रतिनिधीला येऊ द्यायचे नाही. पोप बेनेडिक्ट पंधरावा याचे ऑगस्ट १९१७ चे शांतताआवाहन कोणी मनावर घेतले नाही. राष्ट्रांच्या बैठकीत बसायला राष्ट्र असावे लागते, ही अडचण खरी होती. म्हणूनच इटली आणि धर्मपीठ यांच्यात ११ फेब्रुवारी १९२९ चा लॅटरन करार झाला आणि ४४ हेक्टरांचे व्हॅटिकनचे राज्य निर्माण झाले. आत्मा टिकून राहील एवढेच शरीर हवे, अशा अर्थाचे शब्द पायस अकरावा याने तेव्हा वापरले. सप्टेंबर १९४३ ते जून १९४४ रोम जर्मन ताब्यात होते, तेव्हा संत पीटरच्या चौकाच्या कडेला रंगवलेली पांढरी रेघ ही सीमा होती, आणि जर्मन सैन्य ती ओलांडून आत गेले नाही.

मुळाकाठ

ते खरे आहे. परंतु त्या ४४ हेक्टरांत कर भरणारी, सैन्यात जाणारी किंवा मूल हिरावले जाणारी प्रजा नाही, आणि हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. शिवाय त्या करारासाठीही किंमत द्यावी लागली. ७५ कोटी लिरा रोख आणि १०० कोटींचे रोखे मिळाले ते मुसोलिनीकडून. आणि डॉन स्तुर्झो या पाद्र्याने १९१९ मध्ये उभारलेल्या लोकशाहीवादी पक्षाचा आधार धर्मपीठाने त्याआधीच काढून घेतला होता, स्तुर्झो १९२४ मध्ये देशाबाहेर गेला होता. आश्रयदात्याचा मान राखण्याची जुनी सवय येथेही दिसते.

अश्वत्थ

स्तुर्झोविषयी आपण म्हणता ते मलाही बोचते. पण त्याच कराराच्या २४ व्या कलमात धर्मपीठाने लिहून दिले आहे की राष्ट्राराष्ट्रांतील ऐहिक तंट्यांपासून ते दूर राहील, मात्र दोन्ही पक्षांनी मिळून विनंती केली तर शांततेसाठी मध्यस्थी करील. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या बीगल खाडीवरून १९७८ च्या डिसेंबरात अर्जेंटिना आणि चिली युद्धाच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा जॉन पॉल दुसरा याने कार्डिनल सामोरे यांना पाठवले. वाटाघाटी सहा वर्षे चालल्या, सामोरे मध्येच वारले, आणि २९ नोव्हेंबर १९८४ रोजी दोन्ही देशांनी व्हॅटिकनमध्येच तहावर सह्या केल्या. त्या बेटांत आणि त्या खाडीत पोपचा स्वतःचा काहीच हितसंबंध नव्हता, म्हणून दोघांनीही त्याचे ऐकले. आणि त्या दोघांना बसवायला कोणत्याही तिसऱ्या देशाची नसलेली जागा त्याच्याकडे होती.